टेबलाखालचं बटण

१४ जुलै १९९७, सोमवार

हो. ३१.

आजपासून होडीचा आकडा इथे लिहायचा, हो. म्हणजे होडी. व्यायामाच्या बाईंनी सांगितलंय, रोज नोंद ठेवा, म्हणजे हात पुढे सरकतोय का ते कळेल. संक्रांतीच्या आठवड्यात ह्यांना झटका आला, त्याला सहा महिने झाले. जीभ परत आली, पाय आला, उजवा हात नाही. रबरी चेंडू दाबायला दिला की म्हणतात, मी काय तान्हा आहे? पण कंपनीच्या ड्रॉइंग सेक्शनमधून बाद झालेला ३८६ कॉम्प्युटर त्यांनी ह्यांना घरी दिला आणि त्याच्या फ्लॉपीवर हा होडीचा खेळ निघाला. चेंडू गेला कोपऱ्यात. खाडीतून होडी जाते, समोरून खडक येतात. उजव्या हाताच्या दोन बोटांनी होडी डावी-उजवी करायची. एक खडक चुकवला की एक गुण. तीन होड्या बुडाल्या की संपलं.

एकवीस वर्षं ज्या हाताने केसाएवढ्या बारीक रेघा मारल्या, तो आता एकतीस खडक चुकवतो. कंपनीतले साहेब म्हणालेत, हात चालला की या. कधीपर्यंत ते नाही म्हणाले.

१७ जुलै

हो. २६. काल २९.

"बोट जातं गं, पण खडक येऊन गेल्यावर जातं."

मी म्हटलं, होईल. वर्गातल्या मुलांनाही मी हेच म्हणते. तिसरीतली मुलं विश्वास तरी ठेवतात.

१९ जुलै, शनि.

हो. १९. कीबोर्ड ढकलून दिला, जेवले नाहीत. "मना नाय जमायचा आता," एवढंच. मन मोडलं की ह्यांची भाषा कोपर गावाला, आपल्या घरी जाते. नाहीतर माझ्यापेक्षा शुद्ध बोलतात. मी चिडून भांडी आपटली. कोणावर चिडले तेही नीट कळलं नाही.

२० जुलै, रवि.

हो. ६४.

लिहिताना दोनदा बघितलं. चौसष्टच.

काय झालं ते मला एकटीला माहीत. टेबल अरुंद म्हणून कॉम्प्युटरचा डबा खाली लादीवर ठेवलाय. मी तिथे फडकं मारत होते, हे वर खेळत होते. माझा कोपर डब्यावरच्या एका बटणाला लागला. टक झालं आणि बटणाशेजारचा पिवळा दिवा विझला. झालं, पाडलं बंद, असं वाटून मी जीभ चावली. तर वरून आवाज, "अगं मंगल, जमतंय." मी फडकं हातात घेऊन टेबलाखालीच बसून राहिले. पाठीला रग लागली तरी हलले नाही.

वर येऊन बघितलं तर खडक हळूहळू येत होते. बोट पोचेपर्यंत थांबल्यासारखे.

रात्रीच्या जेवणात दोनदा भात मागून घेतला.

२२ जुलै

शाळेत कॉम्प्युटर बसवायला माणूस आलेला, त्याला गाठलं. म्हणाला, "टर्बोचं बटण ते, मॅडम. आत असलं की मशीन पूर्ण वेगात, दिवा लागतो. बाहेर आलं की मशीन हळू. जुने गेम फार पळतात म्हणून ठेवलेलं असतं." मशीनला काही अपाय? "छे, उलट आराम."

तर ब. म्हणजे बटण. ब. बाहेर म्हणजे हळू. ही वही हे उघडत नाहीत, तरी एवढंच लिहीन.

हो. ७१. ब. बाहेर. चार-पाच दिवसांत हळूच आत दाबून टाकायचं. सवय झाली की कळणारही नाही.

११ ऑगस्ट, सोम.

हो. ११८. ब. बाहेर.

चार-पाच दिवस म्हटले होते, तीन आठवडे होत आले. रोज सकाळी वाटतं, आज. मग हे खुर्चीत बसतात, उजवा हात डाव्या हाताने उचलून कीबोर्डवर ठेवतात, माझ्याकडे बघतात. कोणाची छाती होईल?

आज चहाचा कप उजव्या हाताने उचलला. सांडला थोडा, बशीत. आकडा खोटा असेल, कप तर खरा होता.

७ सप्टेंबर

काल-आज कोपरला, दिनेशकडे गणपती. दिनेश म्हणजे माझे धाकटे दीर. जमीन बिल्डरला गेल्यापासून घरात प्रत्येक वस्तू सगळ्यांत मोठी हवी, मूर्तीसुद्धा. पण भावावर जीव. आरतीचं तबक ह्यांनी उजव्या हाताने धरलं, खालून दिनेशचा हात. दिनेशचे डोळे भरले, आणि ते लपवायला बोलत सुटला. "दादा, तू त्या डबड्यावर कशाला खेलतस? माझ्या मित्राकडे पेंटियम हाय. एकदम सुसाट."

"मला सुसाट नको," हे म्हणाले.

"असा कसा? गाडी फास्ट असली की डायवर पन फास्ट होतो."

तेव्हाच काही बोलायला हवं होतं मी.

२१ सप्टेंबर, रवि.

काल २०३ होते. आज हिंमत करून ब. आत दाबलं. हे आंघोळीला गेले होते तेव्हा.

हो. ५८.

तोंड पांढरं पडलं. हात उलटा-सुलटा करून बघत होते. "काय झालं गं ह्याला?" मला तो हात बघवेना. पिन पडली असं सांगून टेबलाखाली गेले आणि ब. बाहेर. नंतर १९० झाले, मग २१२. सगळ्यांत जास्त.

आता सरळ हिशोब मांडते. जुलैत पूर्ण वेगाला ३१, आज पूर्ण वेगाला ५८. म्हणजे हात खरोखर सुधारतोय, जवळजवळ दुप्पट. मला पेढे वाटावेसे वाटत होते. पण सांगू कशी? ५८ ची बातमी द्यायची तर २१२ खोटे म्हणावे लागतात.

१० ऑक्टो.

खंडेनवमी. ह्यांची ड्रॉइंगची पेटी, विळी, शिलाई मशीन आणि कॉम्प्युटर, सगळं पूजेला. डब्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल फ्लॉपीच्या खाचेवर खोवलं. ब. बाहेर होतं, त्यालाही एक बोट कुंकू लावलं. माफी मागितली म्हटलं तरी चालेल.

११ ऑक्टो., दसरा

दुपारी कल्याणला आईकडे सोनं द्यायला गेले होते. अडीच तास. तेवढ्यात झालं.

परत आले तर हे नवा शर्ट घालून खुर्चीत, समोर नवा कॉम्प्युटर. दिनेश पेढे घेऊन उभा. मुहूर्तावर पेंटियम. ठाण्याच्या दुकानात दसऱ्याची योजना होती, जुना द्या, नवा न्या. दुकानाचा टेंपो येऊन जुना घेऊन गेलासुद्धा.

"वहिनी, तुमच्यासाठी सरप्राइज."

मी खाली वाकून टेबलाखाली बघितलं. लादीवर झेंडूच्या दोन पाकळ्या होत्या. नवा डबा दिनेशने वर, टेबलावर मांडलाय, शोभेला. त्याला बटणं दोनच, चालू-बंदचं एक आणि दुसरं सगळं पहिल्यापासून सुरू करायचं. तिसरं नाही.

"आवडला ना?" हा प्रश्न दिनेशने चारदा विचारला. चारदा हो म्हटलं.

१२ ऑक्टो., रवि.

होडीची फ्लॉपी माझ्या ड्रॉवरमध्ये होती म्हणून राहिली. दिनेश सकाळीच हजर, दादाचा पराक्रम बघायला. ह्यांनी हात उचलून कीबोर्डवर ठेवला. कोपऱ्यात जुना आकडा दिसत होता, २१२.

खेळ सुरू झाला असं म्हणायलाही वेळ मिळाला नाही. खडक दिसलेच नाहीत, वरून खाली एक राखाडी रेघ गेली. तिन्ही होड्या बुडाल्या.

हो. २. मग ४. मग ४.

दिनेशने खेळून बघितलं, ५. मी बसले, दोन धड हात घेऊन, ७. ह्यांना म्हटलं, बघा, कोणालाच जमत नाही, हे मशीनच फार वेगात पळतंय.

"तू मला बरं वाटावं म्हणून हरतेस," हे म्हणाले.

दिनेशने नव्याबरोबर आलेला गाड्यांचा खेळ लावला. जुन्यावर तो उघडलाही नसता. खोटं कशाला बोलू, बघत राहावं असा आहे. झाडं, डोंगर, आरशात मागून येणारी गाडी. ह्यांची गाडी पहिल्या वळणावर भिंतीला लागली आणि तिथेच घासत राहिली. हात खाली घेतला.

१४ ऑक्टो.

शाळा सुटल्यावर ठाण्याला, दुकानात. काउंटरवरच्या मुलीने नीट समजावलं. वेगाच्या मापात जुना ३३, नवा १३३, पण फरक नुसता चौपट नाही. जुन्याला एक काम करायला पाच-सहा पावलं लागतात, नवा तेच एका पावलात करतो. नव्या खेळांना घड्याळ असतं, वेग कितीही असो, ते ठरल्या चालीने चालतात. जुन्या खेळांना घड्याळ नाही. मशीन पळेल तसे ते पळतात.

"हळू करायचं बटण?"

"आता येत नाही, काकू. लोक वेगासाठी येतात. हळू करून द्या म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

जुना परत मिळेल का? दुसऱ्याच दिवशी विकला गेला. कोणाला, ते मालकांना माहीत, मालक गावाला, दिवाळीनंतर येणार. तिने एक फ्लॉपी दिली, मशीन हळू करणाऱ्या प्रोग्रामची.

१५ ऑक्टो.

तो प्रोग्राम घातला. होडी दोन क्षण गोठते, मग उडी मारते, परत गोठते. ह्यांना बघून गरगरायला लागलं. हो. ९.

मुलीने सांगितलं ते सगळं ह्यांना सांगितलं. कागदावर ३३ आणि १३३ लिहून दाखवलं, तिसरीला शिकवते तसं. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मशीनला नावं ठेवू नकोस. दिन्याने प्रेमाने आणलंय."

म्हणजे पटलं नाही.

२३ ऑक्टो.

आठ दिवस होडी नाही. चेंडू नाही. कप डाव्या हाताने. व्यायामाच्या बाई आल्या तर झोपेचं सोंग. बाईंनी दारात मला सांगितलं, "आत्ता सोडलं तर कमावलेलं जाईल. नंतर आणखी कठीण होतं."

मी काय करू? खरं सांगितलं तर २१२ जातात, तीन महिन्यांचा आनंद जातो, आणि बायकोने फसवलं हे राहतं. नाही सांगितलं तर ह्यांना वाटणार २१२ वरून हात ४ वर आला. दोन्हीकडून हात मेलेलाच. मधली वाट एकच, ती म्हणजे ५८, आणि तिच्यापर्यंत जायला आधी खरं सांगावं लागतं.

आज जेवताना सांगायचं ठरवलं होतं. वरण वाढलं, तूप वाढलं, राहिलं.

३० ऑक्टो.

लक्ष्मीपूजन. कंपनीतून मिठाईचा पुडा आणि चिठ्ठी, तब्येतीची काळजी घ्या. पूर्वी "लवकर भेटू" असं लिहायचे. मी चिठ्ठी लपवली, पण ह्यांनी आधीच वाचली होती.

१ नोव्हें., भाऊबीज

संध्याकाळी दिनेश आला, तेव्हा हे झोपलेले. त्याला स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं. ब., पिवळा दिवा, २१२, ५८. मन हलकं होईल वाटलं होतं. उलट त्याचा चेहरा बघून जड झालं.

"म्हंजे मीच दादाला बुडवला?"

"तुम्ही नाही हो. मी आधी बोलले असते तर—"

"मना वाटला, फास्ट दिला की दादा पन फास्ट होल." अनारसा हातात तसाच. "मी शोधतो वहिनी. ठान्यातला दुकान न् दुकान बघतो."

आम्ही दोघं चोरासारखे कुजबुजत होतो. बाहेरच्या खोलीत खाट वाजली तेव्हा दोघंही दचकलो.

९ नोव्हें., रवि.

सापडला.

माजिवड्याला हायवेलगत ट्रक वजन करायचा काटा आहे, तिथल्या केबिनमध्ये. दिनेश मला स्कूटरवर घेऊन गेला. डब्यावर माझंच हळदकुंकू, फ्लॉपीच्या खाचेत सुकलेल्या झेंडूचा देठ. काट्याचे मालक म्हातारे, तिथलेच गाववाले. मी हळदकुंकवाकडे बघतेय हे बघून म्हणाले, "देवाचा हाय, म्हनून पुसला नाय."

दिनेशने सांगितलं, बदल्यात पेंटियम घ्या, महिन्याचाही नाही झालेला.

"मी काय करू त्याचा? ही मशीन पावती छापते. ट्रक येतो, थांबतो, जातो. तिला कुठं पलायचा हाय?"

मला रडू आलं, वर्गात कधी आलं नाही तसं. त्यांना ह्यांच्या हाताबद्दल सांगितलं. ते ऐकत होते आणि तेवढ्यात एक ट्रक काट्यावर चढला. त्यांनी पावती छापली, फाडली, ड्रायव्हरला दिली. मग म्हणाले, "पुढच्या आयतवारी न्या. नव्यावर पावती येते का ते आधी दाखवून द्या."

केबिनमध्ये ब. आत होतं. दिवा लागलेला.

१३ नोव्हें.

ह्यांना सांगितलं, जुना परत येतोय. खूश होतील वाटलं होतं. खिडकीकडे बघत बसले.

"कशाला आणतेस? आत्ता निदान मशीनचं नाव घेता येतं. त्याच्यावर पण बुडाली तर कोणाचं नाव घेऊ?"

म्हणजे तो कागद, ३३ आणि १३३, पटला होता. पहिल्याच दिवशी. मला वाटलं होतं पटलं नाही. पटलं होतं म्हणूनच घाबरले होते.

होईल, हेसुद्धा म्हणवलं नाही.

१६ नोव्हें., रवि., सकाळ

नऊ वाजता दिनेश डबा खांद्यावर घेऊन जिना चढून आला. काट्यावर नव्या मशीनने पावती नीट छापली, म्हातारे समाधानी. मी सवयीने टेबलाखालची जागा पुसायला घेतली.

"खाली नको. वर ठेवा," हे म्हणाले. "माझ्यासमोर."

दिनेशने तारा जोडल्या, माझ्याकडे बघितलं आणि चहा न घेताच गेला. हे डब्याकडे बघत होते. आणताना कुठेतरी दाबलं गेलं असणार, ब. बाहेर होतं. दिवा नव्हता.

मी म्हटलं, मला तुम्हाला एक सांगायचंय.

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"डबा खाली असताना लादीवर पिवळा उजेड पडायचा. माझ्या पायाच्या अंगठ्याशी. तू फडकं मारत होतीस त्या दिवशी गेला. नंतर एक दिवस परत आला, त्या दिवशी मी ५८ वर गेलो. तू पिन शोधायला खाली गेलीस आणि परत गेला."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"मग बोलला का नाहीत?"

"तू रोज वहीत आकडा लिहायचीस. लिहिताना तुझं तोंड बरं दिसायचं." मग म्हणाले, "आणि मलाही बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू."

चार महिने मी ह्यांच्यासाठी लपवत होते आणि हे माझ्यासाठी. मला हसावं की त्यांच्या पाठीत एक धपाटा घालावा कळेना. काहीच केलं नाही, पदराने डब्यावरची धूळ पुसली. हळदकुंकू ठेवलं.

मग मी ब. दाबायला बोट पुढे केलं.

"तू नको."

डाव्या हाताने उजवा हात उचलला, टेबलावर ठेवला, डब्यापर्यंत सरकवला. तर्जनी बटणावर टेकवली. बटण जुनं, कडक आहे. माझाही कोपर जोरात लागला तेव्हाच गेलं होतं. बोट वाकलं, घसरलं. परत टेकवलं.

"डाव्याने दाबा ना."

"उजव्यानेच. तू आत जा, मंगल. बघत उभी राहू नकोस."

आत आले. डाळ लावली आहे. इथून त्यांची पाठ दिसते आणि उजवा खांदा. खांदा वर जातो, थांबतो, खाली येतो. शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, म्हणून गॅसच बंद केला, म्हणजे टक झालेलं ऐकू येईल.

पंचवीस मिनिटं झाली. एकदा खुर्ची करकरली, मी अर्धी उठले आणि परत बसले.

हो. अजून नाही. ब. बाहेर.